बिअर, घरगुती : किण्वन-तापमान आणि ड्राय हॉपिंग

तयार किटमधून घरी बिअर करताना माल्ट भिजवणे, गाळणे, उकळणे ही कामे कारखान्यातच उरकलेली असतात. करणाऱ्याच्या हाती मुख्यतः दोन गोष्टी उरतात : आंबवण किती अंशांवर होऊ द्यायची आणि शेवटी हॉप (बिअरला कडवटपणा व सुगंध देणारी फुले) कधी टाकायचे. किटमध्ये जवाच्या (सातूच्या) माल्टचा, हॉप घालून आटवलेला, काकवीसारखा दाट अर्क असतो व सोबत कोरड्या यीस्टची पुडी. ऑस्ट्रेलियातील कूपर्स कंपनीचा १.७ किलोचा डबा २३ लिटर बिअरसाठी असतो. पुढील आकडेमोडीत तेच माप धरले आहे.

कायदा : महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणे गुन्हा आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) याच्या कलम १२ ने मद्यनिर्मितीला आणि कलम १३ ने त्यासाठीचे साहित्य-उपकरणे बाळगण्याला मनाई केली. शिक्षा कलम ६५ मध्ये आहे. ‘मुंबई राज्य विरुद्ध बलसारा’ (१९५१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अधिनियमातील काही तरतुदी रद्द केल्या, पण त्याचा मूळ ढाचा कायम ठेवला. ज्याचा हा कोश आहे तो बुलढाणा जिल्हा अधिनियम झाला तेव्हा मुंबई प्रांतात नव्हता. वऱ्हाडाबरोबर तो आधी मध्यप्रांतात व नंतर जुन्या मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे हा कायदा विदर्भालाही लागू झाला. विदर्भात वर्धा (१९७५ पासून) आणि गडचिरोली (१९९३ पासून) हे जिल्हे पूर्ण दारूबंदीचे आहेत. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली व २०२१ मध्ये उठली. बुलढाण्यात जिल्हाव्यापी बंदी नाही, मात्र महिलांच्या मतदानातून ‘आडवी बाटली’ करून गावातले दुकान बंद करण्याची तरतूद इतर जिल्ह्यांप्रमाणे येथेही आहे. याउलट ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही आणि अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने तशी मुभा दिली. म्हणजे पुढील माहिती प्रत्यक्षात वापरता येते ती परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांना आणि परवानाधारक ब्रुअरींना. तरीही जिल्ह्याच्या कोशात ही नोंद घेतली आहे, कारण किण्वनाला सोसणारे आणि न सोसणारे अशी दोन्ही हवामाने एकाच जिल्ह्यात सापडतात.

तापमान : एल प्रकारचे यीस्ट साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला आणि लागरचे ८ ते १३ अंशांना नीट काम करते. किटमधली पुडी बहुधा एलची असते. हे आकडे वॉर्टचे (आंबवायला ठेवलेल्या माल्टच्या द्रावाचे) आहेत, खोलीचे नव्हेत. भिंतीवरचा तापमापक पाहून समाधान मानणाऱ्याची फसगत येथेच होते. एक किलो साखर आंबताना सुमारे ५८० किलोज्यूल उष्णता निघते. २३ लिटरच्या मध्यम बिअरमध्ये दीड-पावणेदोन किलो साखर आंबते. ही सगळी उष्णता आत कोंडली, तर वॉर्ट दहा अंशांनी चढेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता भांड्याच्या अंगातून निघून जाते, तरी पहिल्या दोन-तीन दिवसांत वॉर्ट खोलीपेक्षा तीन-पाच अंश जास्त तापते. तापमान वाढले की यीस्ट फ्युसेल अल्कोहोले आणि एस्टरे अधिक बनवते. आयसोअमाइल ॲसिटेट वाढले तर पिकल्या केळ्याचा वास येतो. फ्युसेलमुळे घशाला जळजळ होते व चव थिनरसारखी लागते. एकदा बनलेले फ्युसेल मुरवूनही जात नाही. म्हणून पहिले तीन दिवस राखले की बरेचसे साधले.

जिल्ह्यात घाटाखाली मलकापूर, जळगाव जामोद, खामगाव या पूर्णेच्या सपाटीत मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. घाटावर सुमारे ६५० मीटर उंचीवरचे बुलढाणा शहर काही अंशांनी थंड असते. इंग्रज अधिकाऱ्यांना हे ठाणे मानवले ते त्यामुळेच. डिसेंबर-जानेवारीत घाटावरच्या रात्री एलला अनुकूल असतात. उन्हाळ्यात मात्र दोन्हीकडे उपाय करावा लागतो. कोरड्या हवेत सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे भांडे पाण्याच्या टबात ठेवून त्यावर ओले गोणपाट गुंडाळणे. कूलरचे तत्त्वही तेच. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर बाष्पीभवनाने पाणी फार तर २२-२३ अंशांपर्यंत उतरते. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला ही मर्यादा २८ अंशांवरच अडते. म्हणजे वऱ्हाडातला उपाय कोकणात चालत नाही. वर बर्फाची जोड देता येते : एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल शोषतो, म्हणजे २३ लिटर वॉर्टचे साडेतीन अंश, टबाच्या पाण्याचा वाटा वजा जाता कमीच. जुना फ्रिज आणि तापमान-नियंत्रक हा खात्रीचा मार्ग असला, तरी भारनियमनाच्या गावात फ्रिजवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. लाइट गेल्यावर गोणपाटच आठवते. नॉर्वेतील ‘क्वाइक’ यीस्ट ३० ते ४० अंशांनाही स्वच्छ आंबवते. उष्ण प्रदेशाला ते सोयीचे आहे.

शुद्ध यीस्ट वेगळे काढण्याची पद्धत एमिल हान्सेन याने १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवली. तापमानाचे हे सगळे आकडे अर्थपूर्ण झाले ते त्यानंतर.

ड्राय हॉपिंग : किण्वन ओसरल्यावर, न उकळता, हॉप थेट बिअरमध्ये टाकणे. हॉपमधली आल्फा आम्ले उकळल्याशिवाय फारशी कडू होत नाहीत, त्यामुळे येथे मिळतो तो मुख्यतः सुगंध : मिर्सीन, लिनालूल अशी तेले. प्रमाण शैलीनुसार बदलते. २३ लिटरला ५० ते १०० ग्रॅम हॉपच्या गोळ्या हे माप सामान्य आहे. तीन दिवस की सात, यावर एकमत नाही. फार दिवस ठेवल्यास गवताळ चव येते असे काही जण मानतात. झाकण उघडताना ऑक्सिजन आत गेला तर सुगंध लवकर मरतो. दुसरा धोका कमी ठाऊक असला तरी जास्त गंभीर आहे. हॉपमधली विकरे उरलेल्या डेक्स्ट्रिनांची साखर करतात आणि किण्वन पुन्हा सुरू होते. ब्राउन आणि मॉरिस यांनी हे १८९३ मध्येच दाखवले होते. घनतामापकाचा आकडा दोन-तीन दिवस स्थिर दिसण्याआधी बाटल्या भरल्या, तर त्या फुटतात. हॉपच्या जातींवर जेवढी शाई खर्च होते त्याच्या निम्मी या मुद्द्यावर व्हायला हवी. ड्राय हॉपिंगची रीत जुनी आहे. हिंदुस्थानात पाठवायच्या पेल एलच्या पिंपांत सुके हॉप टाकत, हे खरे. पण इंडिया पेल एल केवळ त्या समुद्रप्रवासासाठी जन्मली ही कथा आता जशीच्या तशी स्वीकारली जात नाही. भारतात हॉपची लागवड हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात होते.

परवानाधारक ब्रुअरी : राज्यातील मायक्रोब्रुअरींची सुरुवात २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’पासून झाली.

मोह : सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत मोहफुलांचा ‘सडवा’ आंबवून दारू गाळतात, त्यात हॉप नसतो (पहा : मोह).