शहापूर-मुरबाडकडील ‘राब’

मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं मुंबईस निघाली. तिच्या दोन वर्षें आधीं विल्सन यांचा न्याय व महसुली शब्दांचा कोश लंडनला छापला गेला. परक्या अंमलदारांस देशी शब्द समजावून देण्याचें मोठें काम या ग्रंथांनीं केलें. तथापि शहापूर-मुरबाडच्या भातशेतींतील ‘राब’ एका प्रतिशब्दांत मावणारा नव्हे.

रोपांच्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा व गवत यांचे थर रचून वर बारीक माती पसरतात, आणि पावसाळ्यापूर्वीं वाऱ्याच्या उलट बाजूनें पेटवितात. म्हणजे भडका न होतां थर सावकाश जळतो. जमीन भाजते, तण मरतें. पाऊस पडतांच तेथें भात पेरून पुढें रोपांची आवणी करतात. जाळावयाचा पाला तो राब, जाळण्याची क्रिया राब, आणि भाजलेली जागाहि राबच. (‘राबणें’ या क्रियापदाशीं केवळ ध्वनिसाम्यावरून याचें नातें जोडूं नये.)

इंग्रजींत ‘राखेचें खत’ म्हटलें कीं झाड हिशेबांतून गळतें. आणि टहाळ तर ऐनासारख्या झाडांचा! जंगलाचे निर्बंध वाढले तेव्हां हाच तंटा झाला. १८८५ सालीं नेमलेल्या मुंबई जंगल कमिशनपुढें ठाणें-कुलाब्याच्या रयतेच्या गाऱ्हाण्यांत राबाचा टहाळ प्रमुख होता. कँबेल यांच्या १८८२ च्या ठाणें गॅझेटियरांतील कृतीचें वर्णन आमच्या मतें कोशार्थापेक्षां अधिक उपयोगी आहे.

ज्यांच्या संग्रहीं या तालुक्यांचे जुने कागद असतील त्यांनीं ‘राब’ वाचतांना शेजारचें क्रियापद पाहावें: तोडण्याचें असल्यास पाला, पेरण्याचें असल्यास जागा.