विमानघरे आणि त्यांच्या प्रतिकृती

विमानांच्या लहान प्रतिकृती करण्याचा छंद आता सुशिक्षित कुटुंबांच्या चांगला परिचयाचा झाला आहे. दिवाणखान्यातील कपाटात एखादे स्पिटफायर किंवा डाकोटा मांडलेले असावे आणि पाहुण्याने ते कौतुकाने न्याहाळावे, हे दृश्य काही नवे नव्हे. परंतु या छंदाची एक शाखा अशी आहे, की तिच्याकडे पाहुण्याची नजर सहसा वळत नाही. ती म्हणजे विमानाच्या घराची, अर्थात हँगरची, प्रतिकृती. घोडा पाहावयास सारेच जमतात. तबेला कोण पाहतो? असे असूनही कित्येक हौशी माणसे महिनेच्या महिने खपून लाकडाच्या पट्ट्या, पुठ्ठा आणि पातळ पत्रा यांतून एकेक विमानघर उभे करतात. त्यांच्या या श्रमांतून इतिहासाची जी सेवा घडते, ती ध्यानात घेण्यासारखी आहे.

हँगर हा शब्द मूळचा फ्रेंच, आणि त्याचा अर्थ साधी छपरी एवढाच. १९०९ साली ब्लेरिओने इंग्लंड आणि फ्रान्स यांमधील खाडी ओलांडली, त्या वेळचे विमान म्हणजे लाकडी सांगाडा, तारा आणि वर ताणलेले कापड. पावसाने कापड सैल पडावयाचे, लाकूड फुगावयाचे, आणि जोराचा वारा सुटला तर सबंध यंत्रच उलथून पडावयाचे. त्यामुळे वैमानिकाला उड्डाणाइतकीच निवाऱ्याचीही चिंता वाहावी लागे. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि विमानतळ वरचेवर हलवावे लागू लागले, तेव्हा बेसोनो नावाचे फ्रेंच विमानघर फार उपयोगी पडले. लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणून केलेला तो एक प्रचंड तंबूच होता. एका ठिकाणाहून उतरवून तो दुसरीकडे उभारता येई.

कायमच्या तळांवर मात्र पक्के छप्पर हवे होते. पोलाद तर तोफा आणि जहाजे यांनाच पुरत नव्हते, आणि लांब, जाड तुळयाही दुर्मिळ झाल्या होत्या. अशा वेळी इंग्लंडातील बांधकाम करणाऱ्यांनी बेलफास्ट शहरात एकोणिसाव्या शतकात रूढ झालेली लाकडी कैची उपयोगात आणली. तिची रचना धनुष्यासारखी असते. वरची कमान म्हणजे धनुष्याची काठी, खालची आडवी तुळई म्हणजे प्रत्यंचा, आणि या दोहोंमध्ये बारीक फळ्यांची तिरपी जाळी. आखूड व हलक्या लाकडांतून तयार होणारी ही कैची मधे एकही खांब न देता फार रुंद छप्पर तोलून धरी. १९१७-१८ च्या सुमारास केंब्रिजजवळील डक्सफर्ड येथे व अन्यत्र अशीच विमानघरे उभी राहिली.

आता छंदाकडे वळू. १९३२ साली इंग्लंडात ‘स्कायबर्ड्स’ या नावाने विमानांच्या प्रतिकृतींचे लाकडी संच निघाले, आणि त्यांसाठी एकास बाहत्तर हे प्रमाण ठरले. सहा फूट उंचीचा माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाचे प्लॅस्टिकचे संचही याच प्रमाणात आले. दुसऱ्या महायुद्धात या खेळण्याला एकाएकी गंभीर काम मिळाले. आकाशातील विमान आपले की शत्रूचे, हे क्षणात ओळखता यावे म्हणून अमेरिकेच्या नौदलाने १९४२ साली शाळांतील मुलांकडून पाच लाख प्रतिकृती करून घेण्याची योजना आखली. पस्तीस फुटांवरून पाहिलेली अशी प्रतिकृती अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानासारखी दिसे. युद्ध संपले, तरी ते प्रमाण छंदात टिकून राहिले.

या प्रमाणात ऐंशी फूट रुंदीच्या विमानघराची कैची सुमारे सव्वातेरा इंचांची होते, आणि तिच्या जाळीतील तीन इंची फळी जेमतेम एक मिलिमीटर रुंद! कारागीर प्रथम पूर्ण आकाराचा आराखडा पाटावर चिकटवतो, टाचण्यांच्या आधाराने पट्ट्या वाकवून बसवतो, आणि त्याच आराखड्यावर एकामागून एक सर्व कैच्या जुळवतो. एकही कमीअधिक झाली तर छप्पर वाकडे बसणार. नुसती कमान आणि खालची पट्टी जोडली असता ती बोटाने सहज दबते. जाळीची एकेक पट्टी चिकटत जाते तशी ती ताठ होत जाते. ग्रंथात पानभर वाचून जे उमगत नाही, ते अशा वेळी हाताला कळते. मूळ नकाशा नसेल तर जुन्या छायाचित्रातील विटांचे थर मोजावे लागतात. इंग्लंडातील त्या काळच्या बांधकामात चार थरांचा साधारण एक फूट होतो, आणि त्यावरून भिंतीची उंची ठरवता येते.

काही विमानघरे मात्र या प्रमाणालाही दाद देत नाहीत. आर-१०१ या हवाई जहाजासाठी इंग्लंडातील कार्डिंग्टन येथील शेड वाढवून ८१२ फूट लांब करण्यात आली होती. एकास बाहत्तर या प्रमाणात तिची प्रतिकृती सव्वाअकरा फुटांची होईल. म्हणून तेथे एकास सातशे असे लहान प्रमाण घेतले तर ती चौदा इंचांत बसते. ते हवाई जहाज ४ ऑक्टोबर १९३० रोजी कार्डिंग्टनहून हिंदुस्थानकडे निघाले. तेव्हा मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या कराचीत त्याच्यासाठी तशीच एक प्रचंड शेड आधीच बांधून तयार होती. परंतु दुसऱ्याच दिवशी पहाटे फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ ते कोसळले आणि चोपन्नपैकी अठ्ठेचाळीस माणसे प्राणांस मुकली. ज्या पाहुण्यासाठी कराचीचे घर बांधले, तो तेथे कधीच आला नाही. कार्डिंग्टनची शेड आजही उभी आहे. कराचीची मात्र पुढे मोडून टाकण्यात आली.

डक्सफर्डची कथा याहून चमत्कारिक आहे. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या चित्रपटासाठी १९६८ साली तेथील पहिल्या महायुद्धातील एक खरेखुरे विमानघर सुरुंगाने उडवून देण्यात आले. चित्रपटवाले एरवी प्रतिकृती उडवून खऱ्याचा आभास निर्माण करतात. येथे खरे उडवून इतिहासाचा आभास निर्माण केला. पुढे त्याच तळावर विमानांचे मोठे संग्रहालय झाले, आणि उरलेल्या विमानघरांचे मोल लोकांना कळू लागले.

विमान देखणे असते म्हणून संग्रहालयात त्याला जागा मिळते. विमानघर जागा अडवते, म्हणून जमिनीचा भाव वाढताच ते पाडले जाते. अशा वेळी कोणा हौशी माणसाने विटांचे थर मोजून, कैचीची पट्टी न् पट्टी जुळवून केलेली प्रतिकृती हीच त्या वास्तूची राहिलेली खूण ठरते. पाहणाऱ्यास आत डोकावता यावे म्हणून असे कारागीर पुष्कळदा छपराचा एक भाग मुद्दाम उघडा ठेवतात. पाहुण्याने आतले विमान पाहून झाल्यावर क्षणभर मान वर करून ती लाकडी जाळीही पाहावी.