कौटुंबिक हिंसाचार आणि स्त्रियांचे अर्थार्जन

घरातील छळामुळे स्त्रीची नोकरी, मजुरी, व्यवसाय, बचत व मालमत्ता यांची जी हानी होते, तिचा विचार या विषयात केला जातो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक छळाबरोबरच आर्थिक छळाचाही हिंसाचारात समावेश केला आहे. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला.

स्वरूप

नोकरी करू न देणे, ती सोडण्यास भाग पाडणे, कामात अडथळे आणणे, पगार किंवा मजुरी काढून घेणे आणि स्त्रीधन परस्पर विकणे हे आर्थिक छळाचे प्रमुख प्रकार होत.

परिणाम

दुखापतीमुळे खाडे पडतात आणि रोजंदारीवरील स्त्रीची त्या दिवसाची मजुरी बुडते. नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागांतील विरळणी व काढणी यांसारखी कामे हंगामी असल्याने हंगामात बुडालेली मजुरी पुढे सहसा भरून निघत नाही. वारंवार खाडे झाल्यास काम सुटते. स्वतःचे उत्पन्न नसल्याने घर सोडता येत नाही व त्यामुळे छळ चालूच राहतो.

मालमत्तेचे महत्त्व

नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन भरले. पुढे शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम चालवून पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन शेतकऱ्यांना केले. प्रदीप पांडा व बीना अग्रवाल यांनी केरळमध्ये केलेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घर व जमीन दोन्ही नसलेल्या स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांना पतीकडून शारीरिक हिंसा सोसावी लागल्याचे आढळले. दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते.

कायदेशीर तरतुदी

कलम २० नुसार दंडाधिकारी बुडालेली कमाई, औषधोपचाराचा खर्च, मालमत्तेचे नुकसान व निर्वाहखर्च देण्याचा आदेश करू शकतात. प्रतिवादीने रक्कम न दिल्यास ती त्याच्या पगारातून थेट देण्याचा आदेश त्याच्या मालकाला देता येतो. कलम १७ प्रमाणे घरावर मालकी हक्क नसला तरी स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा अधिकार आहे. अर्जाचा निकाल पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न न्यायालयाने करावा, असे कलम १२ सांगते. तक्रारीसाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, तसेच १८१ ही महिला मदतवाहिनी उपलब्ध आहे.