ई-रीडरवरील जावास्क्रिप्ट : वाचकाच्या अधिकाराचा इतिहास

ई-रीडर हे पुस्तक आहे की संगणक, हा प्रश्न त्याच्या ब्राउझरच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे दिसतो. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनचे किंडल विक्रीस आले. आत लिनक्स ही कार्यप्रणाली होती. परंतु ब्राउझरला स्थान मिळाले ते ‘प्रायोगिक’ या सदराखाली. यंत्र संगणकाचे असले तरी ते विकले गेले पुस्तक म्हणूनच.

२०१० च्या किंडलमध्ये वेबकिटवर आधारलेला ब्राउझर आला. वाचकाने स्वतः लिहिलेले एचटीएमएल पान यूएसबीद्वारे यंत्रात ठेवावे, पत्त्याच्या जागी त्या फाइलचा मार्ग लिहावा आणि पान इंटरनेटविना उघडावे, हे त्यावर शक्य झाले. पानातील जावास्क्रिप्टही चालत असे. गणकयंत्र, शब्दखेळ, छोटा कोश अशा गोष्टींना एवढे पुरेसे होते. मर्यादा पडद्याची होती. ई-इंकचा पडदा केवळ चित्र बदलतानाच वीज घेतो आणि दोन पानांच्या दरम्यान प्रोसेसर निद्रिस्त राहतो. बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते ती यामुळेच. सतत चालणारी स्क्रिप्ट ही निद्रा मोडते. शिवाय करड्या रंगाच्या सोळा छटांच्या त्या संथ पडद्यावर हलती चित्रे निरुपयोगीच ठरत.

तथापि सर्व दोष पडद्याच्या माथी मारता येत नाही. २०१० मध्येच ॲमेझॉनने जावा भाषेवर आधारित विकसन-संच जाहीर केला, पण तो निवडक विकसकांपुरता. २०११ च्या किंडल टचचा दर्शनी भाग तर बव्हंशी एचटीएमएल व जावास्क्रिप्टमध्येच रचलेला होता. गंमत अशी की, गाण्याच्या फाइलमधील माहितीच्या रकान्यात दडवलेल्या जावास्क्रिप्टनेच त्याचे कुलूप उघडले गेले. सुरक्षिततेची चिंता खोटी नव्हती, हे यावरून मान्य करावे लागते. मात्र जुलै २००९ मध्ये ग्राहकांच्या यंत्रांतून ऑर्वेलची पुस्तके दूरस्थपणे पुसणाऱ्या कंपनीने ही चिंता केवळ वाचकाच्या हितासाठी वाहिली, असे म्हणणे कठीण आहे. कंपनीने स्वतःसाठी वापरलेली भाषा २०११ मध्ये जाहीर केलेल्या केएफ-८ या पुस्तक-स्वरूपात मात्र लेखकांना नाकारली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संमत झालेल्या ईपब-३ या खुल्या मानकाने पुस्तकात स्क्रिप्टला मुभा दिली. ती चालवणे मात्र वाचनयंत्रांवर बंधनकारक केले नाही. परिणामी विद्यार्थ्याचे उत्तर स्वतः तपासणारा स्वाध्याय एका यंत्रावर चालतो, तर दुसऱ्यावर तेच पाठ्यपुस्तक मुके राहते.