पलटण की मुंबा : उद्याचा संघ कोणाचा?

प्रो कबड्डी लीगमध्ये महाराष्ट्राचे दोन संघ आहेत, पुणेरी पलटण आणि यू मुंबा. दोन्ही २०१४ मधील पहिल्या हंगामापासून मैदानात आहेत आणि दोघांनी एकेकदा विजेतेपद मिळविले आहे. यू मुंबाने ते २०१५ मध्ये मिळविले, तर पलटणला त्यासाठी १ मार्च २०२४ पर्यंत थांबावे लागले. या दोन तारखांमधल्या नऊ वर्षांत सत्तेचा काटा मुंबईकडून पुण्याकडे झुकला. त्याचे कारण मॅटवर जितके आहे, तितकेच लिलावाच्या टेबलावर आणि त्याहून अधिक सराव शिबिरात आहे. कोणता संघ कोणते खेळाडू घेतो, त्यांच्यासाठी किती मोजतो आणि त्यांना किती काळ सांभाळू शकतो, यावरच पुढच्या चार-पाच वर्षांत कोणाची धास्ती कोणाला वाटावी हे ठरणार आहे.

आधी नियम पाहणे आवश्यक आहे, कारण या स्पर्धेत श्रीमंत मालक असणे पुरेसे नसते. प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाला कमाल मर्यादा आहे. दहाव्या हंगामाच्या वेळी ती ५ कोटी रुपये करण्यात आली. एवढ्या रकमेत किमान १८ आणि कमाल २५ खेळाडूंचा संघ उभा करायचा असतो. लिलावात खेळाडूंचे अ, ब, क, ड असे गट पाडले जातात. ‘अ’ गटाची मूळ किंमत ३० लाख, तर ‘ड’ गटाची ९ लाख रुपये. आपला सोडलेला खेळाडू दुसऱ्या संघाने बोली लावून घेतल्यास त्या अंतिम बोलीइतकीच रक्कम देऊन त्याला परत घेण्याची सोय आहे, पण तिलाही मर्यादा आहेत. याशिवाय एक स्वतंत्र दालन आहे नवोदित युवा खेळाडूंचे. हे खेळाडू खुल्या लिलावाच्या तुलनेत फार कमी मानधनावर काही हंगामांसाठी करारबद्ध होतात. पलटणच्या यशाची किल्ली याच दालनात सापडते.

पलटणची सुरुवात मुळीच आशादायक नव्हती. पहिल्या दोन्ही हंगामांत संघ गुणतक्त्यात तळाला होता. तिसऱ्या आणि चौथ्या हंगामात मनजित चिल्लरसारखा अष्टपैलू आल्यावर तिसरे स्थान मिळाले. पुढे संघव्यवस्थापनाने नामवंतांवर पैसा ओतण्याचा मार्ग धरला. २०१८ मध्ये चढाईपटू नितीन तोमरसाठी १ कोटी १५ लाख आणि पुढच्या वर्षी त्याच्याचसाठी १ कोटी २० लाख रुपये मोजले. दोन्ही वर्षी पलटण बाद फेरीबाहेर राहिली. एका खेळाडूवर तिजोरी रिकामी केली की उरलेल्या जागा भरताना काटकसर करावी लागते आणि कबड्डीत सात जणांपैकी दोन कच्चे असतील तर प्रतिस्पर्ध्याला ते हेरायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

बदल घडला तो २०१९ नंतर आणि गंमत अशी की त्या काळात पलटणचा प्रशिक्षक होता अनुप कुमार. पहिल्या पाच हंगामांत यू मुंबाचे नेतृत्व करणारा, मुंबईला सलग तीन अंतिम सामन्यांत नेणारा हाच तो शांत डोक्याचा कर्णधार. २०१८ च्या अखेरीस निवृत्त होऊन तो पुढच्या हंगामात पुण्याच्या बाकावर येऊन बसला. आठव्या हंगामात, डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात करोनामुळे सर्व सामने बंगळूरुच्या एकाच ठिकाणी बंदिस्त वातावरणात झाले. त्यात पलटणने दोन अपरिचित पोरांना चढाईला पाठविले. एक हरयाणाचा मोहित गोयत आणि दुसरा अहिल्यानगर (तेव्हाचे अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्याचा अस्लम इनामदार. राहुल चौधरीसारखा मोठ्या नावाचा चढाईपटू संघात असताना सामने मात्र ही दोन मुले जिंकून देऊ लागली. मोहितला त्या हंगामातील सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळाला. संघ बाद फेरीत पोहोचला आणि यूपी योद्धाकडून हरला, पण दिशा ठरली.

त्यानंतरची रचना अभ्यास करण्याजोगी आहे. पलटणने पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत, गौरव खत्री, अभिनेष नादराजन अशी मुले एकामागोमाग एक हाताशी धरली. पुणेकरांचा लाडका प्रश्न असतो की पलटणमध्ये पुण्याचे किती? उत्तर निराशाजनक असेल, पण महाराष्ट्राचे किती असे विचारले तर बरे वाटावे अशी ही यादी आहे. ही मुले स्वस्त होती म्हणून तिजोरीत पैसा उरला आणि तो पैसा एखाद्या अव्वल बचावपटूवर लावता आला. २०२२ मध्ये इराणच्या फझल अत्राचलीसाठी पलटणने १ कोटी ३८ लाख रुपये मोजले. फझल हा मूळचा यू मुंबाचाच. २०१८ च्या लिलावात १ कोटीची बोली लागलेला लीगमधील पहिला खेळाडू तोच आणि ती बोली मुंबईची होती. त्याच्या नेतृत्वाखाली पलटणने नवव्या हंगामात प्रथमच अंतिम फेरी गाठली. मुंबईत झालेल्या त्या सामन्यात जयपूर पिंक पँथर्सने ३३-२९ अशी बाजी मारली.

पुढच्या लिलावात पलटणने फझलला जाऊ दिले आणि मोहम्मदरेझा शाडलुई या दुसऱ्या इराणी बचावपटूला २ कोटी ३५ लाखांना घेतले. एकूण मर्यादेच्या जवळजवळ निम्मी रक्कम एका माणसावर! नितीन तोमरच्या वेळी जो जुगार फसला, तोच इथे का साधला, हा खरा प्रश्न. उत्तर असे की, या वेळी उरलेली फळी आधीच घडलेली होती, ती बाजारातून आणायची नव्हती. दहाव्या हंगामात साखळीतील २२ पैकी केवळ दोन सामने गमावून पलटणने ९६ गुण कमावले, शाडलुई ९९ पकडींच्या गुणांसह सर्वोत्तम बचावपटू ठरला, अस्लम हंगामातील सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला आणि हैदराबादच्या अंतिम सामन्यात हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून करंडक पुण्याला आला. त्याआधी काही महिने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, अस्लम आणि आकाश हांगझो आशियाई स्पर्धेतील सुवर्णविजेत्या भारतीय संघात होते.

त्याच वर्षी यू मुंबा दहाव्या स्थानावर होता. मुंबईचे काय चुकले, हे सांगण्यासाठी सिद्धार्थ देसाईचे उदाहरण पुरेसे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या या धिप्पाड चढाईपटूला यू मुंबाने २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजारांना घेतले. पदार्पणातच त्याने दोनशेहून अधिक गुण मिळवून हंगाम गाजविला. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजून त्याला नेले. मुंबईने पारख केली, फळ हैदराबादने खाल्ले. (ते फळ फारसे गोड निघाले नाही, हा भाग वेगळा.) त्यानंतर २०२२ मध्ये गुमान सिंगसाठी १ कोटी २१ लाख ५० हजार रुपये खर्च झाले, तो दोन हंगाम खेळला आणि दोन्ही वेळा मुंबई बाद फेरीबाहेर राहिली. नामवंत चढाईपटू, पण त्याच्यामागे दुसरा नाही, तिसराही नाही. पलटणने जी चूक २०१८ मध्ये केली, ती मुंबईने चार वर्षांनी केली असे म्हणावे लागते.

ऑगस्ट २०२४ च्या लिलावात मात्र यू मुंबाने वेगळे धोरण स्वीकारले आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतील ती त्यांची सर्वात शहाणी खरेदी होती. मध्यरक्षक सुनील कुमारसाठी त्यांनी १ कोटी १ लाख ५० हजार मोजले. तोपर्यंत कोणत्याही भारतीय बचावपटूला एवढी किंमत मिळाली नव्हती. सोबत परवेश भैन्सवाल आला. गुजरातकडून खेळताना या दोघांनी मध्यरक्षकांची जोडी म्हणून नाव कमावले होते. एक उजवीकडे, दुसरा डावीकडे. चढाईपटू वळला की दोघांची साखळी एकाच क्षणी आवळली जाते, ही समजूत वर्षानुवर्षांच्या सहवासातून येते, लिलावात सुटी विकत मिळत नाही. मुंबईने ती जोडीनेच घेतली. नवव्या हंगामात पलटणच्या तोंडचा घास काढणाऱ्या जयपूरचा कर्णधार हाच सुनील होता, हेही लक्षात ठेवावे. कोपऱ्यात रिंकू आणि सोमवीर आधीपासून होते. चढाईची बाजू इराणच्या अमीरमोहम्मद जफरदानेशने सांभाळली आणि नवोदितांतून पुढे आला महाराष्ट्राचा अजित चौहान, जो पहिल्याच हंगामात संघाचा प्रमुख चढाईपटू होऊन बसला. अकराव्या हंगामात यू मुंबा बाद फेरीत पोहोचला आणि तेथे पाटणा पायरेट्सकडून हरला.

त्या हंगामात पलटणची अवस्था उलटी झाली होती. शाडलुईला परत घेतले नाही. त्याला २ कोटी ७ लाखांना घेणारी हरयाणा स्टीलर्स त्याच वर्षी विजेती झाली. अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाच्या मध्यावर बाहेर पडला. अंतिम टप्प्याचे सामने बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात रंगले, पण यजमान शहराचा संघ आठव्या क्रमांकावर राहून प्रेक्षक झाला. नव्या मुलांवर बांधलेल्या संघाचा कच्चा दुवा तेव्हा दिसला. कर्णधार आणि बचावाचा आधारस्तंभ एकदम गेल्यावर कठीण सामना धरून ठेवणारे कोणी उरले नव्हते.

२०२५ मध्ये दोन्ही संघांनी प्रशिक्षक बदलले. पलटणला विजेतेपद मिळवून देणारे बी. सी. रमेश बंगळूरु बुल्सकडे गेले आणि पुण्याची सूत्रे अजय ठाकूरकडे आली. आकाश शिंदेही बंगळूरुत दाखल झाला. यू मुंबाने राकेश कुमारला आणले. २०१४ च्या पहिल्या लिलावात १२ लाख ८० हजारांची, म्हणजे तेव्हाची सर्वाधिक बोली ज्याच्यावर लागली होती, तोच हा राकेश. आता तेवढ्या रकमेत ‘क’ गटाची मूळ किंमतही भागत नाही. लिलावात पलटणने अनुभवी चढाईपटू सचिन तन्वरला १ कोटी ५ लाख ८० हजारांना घेतले. आदल्या वर्षी तमिळ थलायवाजने त्याच्यासाठी २ कोटी १५ लाख मोजले होते, तेव्हा सौदा वाईट नव्हता. तरीही बाद फेरीत संघ पुढे नेला तो पुन्हा एका घरच्या पोराने. तेलुगू टायटन्सविरुद्धच्या ५०-४५ अशा थरारक विजयात आदित्य शिंदेने एकट्याने २२ गुण मिळविले. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत झालेल्या अंतिम सामन्यात मात्र दबंग दिल्लीने पलटणला ३१-२८ असे हरविले. दिल्लीच्या बचावात होता फझल अत्राचली.

यू मुंबाचा बारावा हंगाम सहाव्या स्थानाने आणि पाटण्याकडून झालेल्या आणखी एका पराभवाने संपला. गुणतक्ता पाहिला तर पलटण स्पष्टपणे पुढे आहे. चार हंगामांत तीन अंतिम सामने ही कामगिरी सहज होत नाही. शिवाय चढाईत तिची खोली लीगमध्ये हेवा वाटावा अशी आहे. अस्लम नसेल तर पंकज, पंकज थांबला तर मोहित, मोहित दमला तर आदित्य. प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाला एकाच चढाईपटूचा अभ्यास करून भागत नाही. मुंबईत अजितला रोखले की निम्मे काम झाले, अशी आजवरची स्थिती होती.

पण बचावाचा विचार केला तर पारडे एवढे एकतर्फी नाही. पलटणने गमावलेले दोन्ही अंतिम सामने तीन-चार गुणांच्या फरकाने गेले, म्हणजे दोन पकडींचा हिशेब. गौरव खत्री आणि अभिनेष यांच्याकडे ताकद आहे, वेग आहे. शेवटच्या तीन मिनिटांत कधी झेप घ्यायची आणि कधी चढाईपटूला रिकामे परत जाऊ द्यायचे, हे सुनीलला जसे कळते तसे त्यांना अजून शिकायचे आहे. वय त्यांच्या बाजूने आहे. सुनील-परवेश यांच्या बाबतीत तेच घड्याळ उलटे चालते आणि मुंबईने त्यांच्या हाताखाली दुसरी जोडी तयार केली नाही तर २०२४ ची शहाणी खरेदी दोन-तीन हंगामांत जुनी होईल.

दोन्ही संघांनी आता तळाची फळीही बांधली आहे. पलटणची युवा पलटण आणि मुंबईची युवा मुंबा ही पथके कुमार वयाच्या मुलांना मॅटचा सराव आणि सामन्यांचा अनुभव देतात. यातील पुष्कळ मुले गावच्या मातीत, जत्रेच्या स्पर्धांत तयार झालेली असतात. मातीवरून मॅटवर येताना पायाची पकड बदलते, बूट घालून खेळायची सवय लावावी लागते, तीस सेकंदांच्या चढाईचे घड्याळ अंगात भिनावे लागते. हे काम पलटणने आधी सुरू केले, म्हणून तिला फळे आधी मिळाली. मुंबईकडे राज्यभरातील खेळाडूंना खुणावणाऱ्या व्यावसायिक कबड्डी संघांची, कंपन्यांतील नोकऱ्यांची जुनी परंपरा आहे. तिचा उपयोग यू मुंबाने जेवढा करायला हवा होता तेवढा केलेला नाही, असे कबड्डीच्या वर्तुळात अनेकांचे मत आहे.

यातली खरी कसोटी करार संपण्याच्या दिवशी लागते. नवोदित म्हणून घेतलेला मुलगा चमकला की तो खुल्या बाजारात येतो आणि पाच लाखांच्या फरकासाठीही अकरा संघ त्याच्यामागे धावतात. त्यात गैर काहीच नाही. श्रीरामपूर किंवा चंदगडहून आलेल्या मुलाच्या घरी ती रक्कम म्हणजे पक्के घर असते, बहिणीचे शिक्षण असते आणि चढाईपटूची उमेदीची वर्षे मोजून सात-आठच असतात. अस्लम, मोहित, पंकज यांना एकत्र ठेवताना पलटणला दरवर्षी मोठ्या खरेदीतून हात आवरावा लागतो. आदित्य शिंदेची किंमत त्या २२ गुणांच्या रात्री वाढून गेली. तिकडे यू मुंबासमोर अजित चौहानच्या रूपाने सिद्धार्थ देसाईचाच प्रसंग पुन्हा उभा आहे. त्या वेळी मुंबईने बोली थांबविली होती.