एकाच लहरीवर, पण वेगळ्या बोलीत

दोन वॉकीटॉकी एकाच वारंवारतेवर लावलेल्या आहेत. दोघांत अंतर एका मैदानाचे. एकावरून माणूस बोलतो आहे, पण दुसऱ्यावर शब्द उमटत नाही. उमटलीच तर खरखर. बिघाड दोन्हींतही नाही. मग असे का व्हावे? डिजिटल वॉकीटॉकी निवडायला निघालेल्या नव्या हौशी रेडिओवाल्यापुढे हा प्रश्न हटकून येतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

हौशी रेडिओवाले, म्हणजे 'हॅम', हे परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवतात आणि केवळ आवड म्हणून लहरींवरून संवाद साधतात. संच उघडणे, त्यात फेरफार करणे, जमल्यास स्वतःच बांधणे ही त्यांची जुनी परंपरा. भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा त्यांच्या वॉकीटॉकींचा नेहमीचा पट्टा आहे. तेथे अनेक दशके एफएमचे राज्य होते. एफएममध्ये आवाजाच्या कंपनांनुसार वाहक लहरीची वारंवारता कमीजास्त होते. यात गुपित काहीच नाही. त्यामुळे संच कोणत्याही कंपनीचा असो वा घरी जुळवलेला, एकाचे बोलणे दुसऱ्याला कळत असे.

डिजिटल पद्धतीत आवाज आकड्यांत मांडावा लागतो. टेलिफोनच्या जुन्या डिजिटल पद्धतीत ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ८००० वेळा मोजून प्रत्येक माप ८ बिटांत लिहीत. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट झाले. वॉकीटॉकीच्या अरुंद पट्ट्यातून तर काही हजारच जाऊ शकतात! येथे व्होकोडर मदतीला येतो. त्याची मूळ कल्पना १९३० च्या आसपास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होमर डडली यांनी विकसित केली. गाण्याची ध्वनिफीत पाठवण्याऐवजी नुसती स्वरलिपी पाठवावी आणि पलीकडच्या पेटीवाल्याने ती वाजवावी, तसाच हा प्रकार. आवाजाची पट्टी कोणती, वर्ण घोष की अघोष, तोंडाच्या पोकळीचा आकार कसा, एवढेच वर्णन पाठवायचे. त्यावरून पलीकडचा संच आवाज पुन्हा घडवतो. अर्थात, दोघांची स्वरलिपी एकच हवी.

पेच नेमका येथेच पडला. जपानच्या हौशी रेडिओ संघटनेने २००१ मध्ये 'डी-स्टार' ही पद्धत प्रसिद्ध केली. तीत सेकंदाला ४८०० बिट जातात : २४०० आवाजाचे, १२०० चुका दुरुस्त करण्यासाठी आणि १२०० इतर माहितीचे. पुढे २००५ मध्ये युरोपात 'डीएमआर' हे मानक आले. ते मुळात व्यावसायिक वापरासाठी होते. त्यात ३० मिलिसेकंदांच्या पाळ्या लावून एकाच लहरीवर दोन संभाषणे चालतात. संच स्वस्त मिळू लागले तसे हौशींनी तेही आपलेसे केले. २०१३ मध्ये याएसू कंपनीने 'सिस्टिम फ्यूजन' ही तिसरी पद्धत आणली. बिट लहरीवर चढवण्याची आणि त्यांची मांडणी करण्याची रीत तिघींची वेगवेगळी. म्हणून मैदानाच्या दोन टोकांचे ते संच एकमेकांना मुके.

याहून खोल अडचण आहे ती व्होकोडरची. या तिन्ही पद्धतींचे संच एकाच अमेरिकी कंपनीच्या 'एएमबीई' घराण्यातले व्होकोडर वापरतात. डी-स्टारची बाकी रचना सर्वांना खुली होती. आवाज घडवणारा भाग मात्र बंद चिपमध्ये राहिला. ज्या छंदाचा जन्मच उघडून पाहण्यातून झाला, त्याच्या हृदयात उघडता न येणारी डबी बसली.

अनेकांना हे खटकले. ऑस्ट्रेलियाचे अभियंते आणि हॅम डेव्हिड रो यांनी २०१० मध्ये 'कोडेक-टू' हा व्होकोडर सर्वांना वाचता येईल, बदलता येईल अशा स्वरूपात खुला केला. तो वापरून २०१९ मध्ये पोलंडमध्ये 'एम-१७' ही संपूर्ण खुली पद्धत सुरू झाली. तिचे नाव वॉर्सातील एका हौशी क्लबच्या पत्त्यावरून पडले : मोकोटोव्स्का रस्ता, क्रमांक १७. विद्यार्थ्याला शेवटच्या बिटापर्यंत शिकता येईल अशी ही पद्धत आहे. तिचा प्रसार मात्र अजून थोडा आहे.

मग संच निवडावा कसा? आधी आपल्या गावाच्या टप्प्यातील हॅम मंडळी कोणत्या पद्धतीने बोलतात ते विचारावे. संच कितीही भारी असला तरी ऐकणारा नसेल तर तो व्यर्थ. दुसरे, त्यात एफएमची सोय आहे ना, हे पाहावे. बहुतेक डिजिटल हौशी संचांत ती असते आणि तीच आजही सर्वांची समाईक बोली आहे. शिवाय संदेश क्षीण झाला की एफएमवर खरखर वाढत जाते, तरी कान शब्द ओळखतो. डिजिटल आवाज बराच वेळ स्वच्छ राहतो आणि मग एकाएकी तुटतो. आपत्तीच्या वेळी हा फरक लहान नाही.

हे वर्गात सहज दाखवता येईल. तीन मुलांना अक्षरांसाठी आकडे द्या. दोघांना एकच तक्ता, तिसऱ्याला वेगळा. मग एक संदेश मोठ्याने आकड्यांत वाचा. ऐकू तिघांनाही येईल, समजेल दोघांनाच. मग तिसऱ्याला विचारा, 'तुला काय हवे?' तो आवाज वाढवा म्हणणार नाही, तक्ता मागेल. खुल्या मानकासाठी झगडणारे हॅमही तेवढेच मागत आहेत.