डलहौसींचें घराणें

मुदखेडहून उत्तरेस निघालें कीं पैनगंगेपलीकडे वऱ्हाड प्रांत लागतो. हा प्रांत व इकडे धाराशिवचा मुलूख २१ मे १८५३ च्या तहानें निजामाच्या हातून कंपनीच्या ताब्यांत गेला. निमित्त फौजेच्या खर्चाचें व थकलेल्या कर्जाचें. करविता गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी. त्याच महिन्याच्या ६ तारखेस त्याची पत्नी लेडी सुसान स्वदेशीं परततांना जहाजावर वारली. दोन मुलींच्या या पित्यावर तो मोठाच घाला होता. राज्यें गिळणाऱ्या पुरुषासहि घर असतें व घरचें दुःख असतें, हें इतिहासाच्या वाचकानें विसरूं नये.

हें घराणें स्कॉटलंडांतील जुन्या रॅम्से सरदारांचें. वडील, नववे अर्ल जॉर्ज रॅम्से, १७९५ सालीं मार्टिनिक बेटावर लढतांना जखमी झाले. साखरेच्या या बेटावर ऊंस पिकवीत ते आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम. पुढें १८१६ त अर्लसाहेब नोव्हास्कोशियाचे कारभारी झाले. १८१२ त सुरू झालेल्या इंग्रज-अमेरिका युद्धांत, इंग्रजांनीं दिलेल्या स्वातंत्र्याच्या वचनावर विसंबून धन्यांपासून पळालेले सुमारें २००० कृष्णवर्णी लोक तेथें आले होते. या लोकांना अर्लसाहेबांनीं आळशी व स्वावलंबनास नालायक ठरविलें. त्यांस जुन्या धन्यांकडे परत धाडावें, असाहि विचार त्यांनीं पुढें मांडला. तेथेंच १८१८ त त्यांनीं कॉलेज स्थापन केलें. त्याच विद्यापीठानें २०१९ त चौकशीचा अहवाल प्रसिद्ध करून या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली.

पित्याचा दोष पुत्राच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे. तथापि "यांचें हित यांना कळत नाहीं, तें आम्हींच ठरवावें" ही वृत्ति दोघांच्याहि कारभारांत दिसते. सातारा व नागपूर येथील राज्यें खालसा करतांना, इंग्रजी अंमलांत रयत अधिक सुखी होईल, हेंच समाधान पुढें केलें गेलें. रयतेस मात्र कोणी विचारलें नाहीं.

पण हा आरसा आपणहि आपल्यापुढें धरावयास हवा. पेशवाईंत कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे व दप्तरांत त्यांच्या किंमती जनावरांच्या किंमतींप्रमाणें मांडलेल्या सांपडतात. हिंदुस्थानांत गुलामगिरीस कायद्याचा आधार उरला नाहीं तो १८४३ पासून. विद्यापीठास क्षमा मागावीशी वाटली ती दोनशें वर्षांनीं. आपल्या दप्तरांतील त्या अनाम स्त्रियांची क्षमा आपण केव्हां मागणार?